निजवणाची वाट

नाशिकहून आलेली पाच जणं अंगणात बसून नागलीची भाकरी आणि ठेचा खात होती. त्यांच्यातल्या शलाका नावाच्या बाईने मथुराला जवळ बोलावलं आणि फोन पुढे केला. "ताई, गडावर उद्या जाऊ. आज आम्हांला इथं जायचंय, दगडांच्या बागेत."

मथुरा बांडे कडेवाडीची वाटाडी होती. अकोले तालुक्याच्या टोकाला, ऐन कड्याखाली वसलेली ही महादेव कोळ्यांची वाडी. नवरा एकनाथ घरी पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय बघायचा आणि मथुरा त्यांना डोंगर दाखवायची. गडाची वाट, घळीची वाट, गुरं उतरवायची वाट, सगळ्या तिच्या पायाखालच्या. दगडांची बाग मात्र तिने जन्मात ऐकली नव्हती.

"असं काही नाही आमच्याकडं," ती हसून म्हणाली.

"आहे ना! सह्यवाट ॲपवर आलंय. ही बघा वाट."

मथुराने फोन हातात घेतला. हिरव्या नकाशावर एक नारिंगी रेघ होती. वाडीच्या विहिरीमागून निघालेली, हिरड्याच्या झाडीत शिरलेली, ओहोळ ओलांडून कारवीच्या रानातून वळत गेलेली आणि एका उतारावर जाऊन थांबलेली. ही वाट कडेवाडीतली बाई दुसऱ्या बाईला तोंडाने सांगतसुद्धा नसे. वेळ आली की हाताला धरून न्यायची, बस्स.

"तिथं वाट नाही," ती म्हणाली.

"आहे हो, काकू," त्यांच्यातला ओजस नावाचा तरुण म्हणाला. "हे काय, 'स्थानिकांनी खात्री केलेली' अशी खूण आहे."

"मी इथलीच आहे, आणि मी सांगते, नाही. तिकडं कुणी जाऊ नका."

पाचही जणं पुन्हा भाकरीकडे वळली. मथुराला वाटलं, समजलं त्यांना. ती ताटं उचलून आत गेली, चुलीतली लाकडं मागे ओढली आणि बाहेर आली तर अंगण रिकामं होतं. फोन सोबत असला की वाटाड्याला विचारायची गरज कुणाला उरते?

ती पायात वहाणा न घालताच धावली. विहिरीमागून, हिरड्याखालून, ओहोळातून. वाटेत तिने त्यांना गाठलं नाही, कारण ओहोळानंतर ती वाटेने गेलीच नाही. कारवीतून आडवी घुसली, हातापायांवर ओरखडे घेत, आणि त्यांच्या आधी निजवणात पोचली. पोचली आणि जागीच थांबली.

निजवण म्हणजे वाडीतली न वाढलेली लेकरं निजलेली जागा. ज्या बाळाला दात यायच्या आधीच देवाघरी जावं लागलं, त्याला बायकाच इथं आणायच्या. पुरुषांनी विहिरीपाशी थांबायचं, ही रीत. ओहोळातला एक गोल दगड आई स्वतः वेचायची आणि बाळाच्या उशाशी ठेवायची. नाव नाही, शेंदूर नाही, दिवा नाही. पिढ्यान् पिढ्यांचे दगड हिरड्यांच्या सावलीत शेवाळ धरून पडलेले. प्रत्येकीला आपला दगड ठाऊक असायचा. मथुरालाही ठाऊक होता. पहिल्या खेपेची पोरगी तिच्या पदराखाली पाच आठवडे जगली होती.

आता ते दगड जमिनीवर नव्हते. कुणीतरी ते उचलून एकावर एक रचले होते. मोठ्यावर लहान, लहानावर त्याहून लहान, असे कितीतरी मनोरे उतारभर उभे होते. शहरातली माणसं नदीकाठी, डोंगरमाथ्यावर फोटोसाठी रचतात तसे. एका मनोऱ्याच्या टोकावर कुणी रानफूल खोचलं होतं.

मागून हसण्याबोलण्याचा आवाज आला. पाच जणं कारवीतून बाहेर पडली. "वॉव," कुणीतरी म्हणालं. ओजसने वाकून पायाशी उरलेला एक दगड उचलला आणि मनोऱ्यावर ठेवायला हात पुढे केला. मथुराने त्याच्या मनगटावर इतक्या जोरात फटका मारला, की दगड निसटून खाली पडला.

"अहो, काय हे! पब्लिक जागा आहे ही!"

"पब्लिक?" मथुराचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "पोरं निजलीत इथं आमची! तू उभा आहेस ना, तिथं माझ्या जावेचा मुलगा आहे. बाजूला हो!"

तो झटका बसल्यासारखा मागे सरला. शलाकाने तोंडावर हात घेतला. "ताई, आम्हांला खरंच माहीत नव्हतं. तिथं तसं काही लिहिलेलंच नाही."

"मी जाऊ नका म्हटलं होतं. ते ऐकू आलं होतं ना?"

ती माणसं खाली मान घालून परत गेली. मथुरा मागे राहिली. तिने प्रत्येक मनोऱ्यापाशी गुडघे टेकून आपला दगड शोधला. पांढऱ्या शिरेचा होता तो. पांढऱ्या शिरेचे चार सापडले. त्यातला आपला कुठला आणि तो मुळात होता कुठे, हे आता जगात कुणीच सांगू शकलं नसतं.

सह्यवाट आली तेव्हा मथुरानेच तिचं कौतुक केलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. गाइडच्या प्रशिक्षणात तिला त्या यंत्राचं काम नीट समजावून सांगितलं होतं. आकाशातला एक उपग्रह लांब लहरींचे रडार झोत खाली सोडतो. आखूड लहरी झाडाच्या पानांवरच अडतात, या लांब लहरी मात्र पानं भेदून जमिनीपर्यंत जातात आणि परत फिरतात. माणसं जिथून वर्षानुवर्षं चालतात तिथली माती दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते, पावसाचं पाणी तिच्यात मुरत नाही. अशा मातीवरून परतणारी लहर शेजारच्या भुसभुशीत मातीपेक्षा वेगळी असते. एका चित्रात हा फरक दिसत नाही, कारण पायवाट हातभर रुंद आणि उपग्रहाची नजर त्याहून ढोबळ. पण तीच जागा शेकडो वेळा, ओली असताना, वाळताना, कोरडी झाल्यावर पाहिली आणि ती सगळी चित्रं संगणकाने एकमेकांवर ठेवली, की पायवाट हळूहळू वर येते. जोडीला फिरायला येणाऱ्यांचे फोन. चालणारा आपल्या भटकंतीची नोंद ठेवतो तेव्हा त्याच्या पावलांचे हादरेही नोंदले जातात, आणि खालची जमीन कठीण की मऊ हे त्यावरून कळतं.

याच यंत्राने दरड कोसळून विसरलेली जुनी घाटवाट शोधून दिली होती. धुक्यात चुकलेली माणसं सुखरूप खाली आली होती. कडेवाडीत पाहुणे येऊ लागले होते. जमिनीला सगळं आठवतं आणि आम्ही तिच्याकडून ते ऐकतो, असं कंपनी म्हणायची. मथुराला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. जमिनीला आठवतं ते सगळंच चव्हाट्यावर मांडायचं असतं का, हा प्रश्न तेव्हा तिच्या मनात आला नव्हता.

पण यंत्राने सुचवलेली वाट नकाशावर पक्की व्हायला गावातल्या एका नोंदलेल्या माणसाचा होकार लागतो. कडेवाडीत असा माणूस एकच होता.

एकनाथ पडवीच्या कौलांवर बसून फुटकी कौलं बदलत होता. मथुरा खाली उभी राहिली. "निजवणाच्या वाटेला तुम्ही होकार दिलात?"

त्याचा हात थांबला. "त्यांनी विचारलं, इथं वाट आहे का. आहे. मग नाही कसं म्हणू?"

"वाट कुणाची, ते नाही विचारलं?"

"तसा प्रश्नच नव्हता त्यात."

"आणि तुम्हांलाही नाही पडला?"

एकनाथ शिडीवरून उतरला. हाताची माती झटकत राहिला. "बायकांची वाट, एवढंच ठाऊक होतं मला. नकाशावर रेघ दिसली, म्हटलं सरपणाची असेल. मी कधी गेलोय का तिकडं?"

"खोटं बोलू नका. पोरीला घेऊन मी आणि ठकूआत्या विहिरीमागून गेलो, तेव्हा तुम्ही विहिरीच्या कठड्यावर बसला होतात. आम्ही कुठनं आत शिरलो ते तुम्ही बघितलं होतं."

त्याचं तोंड उतरलं. त्या दिवसानंतर नवराबायकोत त्या पोरीविषयी एक शब्द निघाला नव्हता. धाकटा मुलगा झाला, शाळेत जाऊ लागला, तरी नाही. आणि आज तो शब्द असा, भांडणात, भर अंगणात निघाला.

"मी होकार मागं घेतो," तो पुटपुटला आणि फोन काढून बसला. बराच वेळ बोटं चालवून त्याने फोन बाजूला ठेवला. "मागं घेताच येत नाही. वाट चुकीची आहे का, धोक्याची आहे का, बंद आहे का, एवढंच विचारतात."

"आमची आहे, असं लिहायला जागा नाही?"

"नाही."

मथुरा ठकूआत्याला घेऊन पुण्याला गेली. ठकूआत्या वाडीची जुनी सुईण. निम्मी वाडी तिच्या हातांत जन्मली होती आणि निजवणात जाणाऱ्या प्रत्येक आईच्या पुढे तीच चालली होती. सह्यवाटच्या कचेरीत शर्वरी टिपणीस नावाची एक मुलगी त्यांना भेटली. गावांशी संपर्क ठेवणं हे तिचं काम. तिने दोघींना थंड पाणी दिलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तिचे डोळेही भरून आले. मथुराला पुढे त्या डोळ्यांचाच जास्त राग आला.

"मला फार वाईट वाटतंय, ताई. पण आम्ही वाट तयार करत नाही हो. जमिनीवर जे आहे तेच दाखवतो."

ठकूआत्या इतका वेळ खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली होती. ती म्हणाली, "बाई, लुगड्याखाली अंग असतंच. आहे म्हणून दाखवीत फिरायचं व्हय?"

शर्वरीचा चेहरा लाल झाला. "तसं नाही, आजी. नियम असा आहे की खाजगी जमीन असेल तर आम्ही वाट काढून टाकतो. सातबारा दाखवावा लागतो. ही जमीन वनखात्याची आहे."

"पोरं पुरली तेव्हा सातबारा बघून नाही पुरली," मथुरा म्हणाली.

"मी समजू शकते. म्हणून एक सुचवू? आपण या जागेला स्मृतिस्थळ म्हणू. 'दगडांची बाग' हे नाव एका पर्यटकाने दिलंय, ते लगेच काढू. 'शांतता राखा' असं लिहू. आणि तुम्ही तयार असाल तर तुमच्या आवाजात या जागेची गोष्ट ध्वनिमुद्रित करू. लोक तिथं पोचले की फोनवर ऐकतील. अशा जागी माणसं फार हळवी होतात, ताई. आदराने वागतात."

मथुराने शर्वरीकडे पाहिलं. मुलगी मनापासून बोलत होती. कुचेष्टा असती तर परवडली असती.

"म्हणजे मी फोनमध्ये रडायचं," मथुरा सावकाश म्हणाली, "आणि पाहुण्यांनी ते कानाला लावून ऐकायचं. आमच्या रडण्याला तिकीट लावताय?"

"तिकीट नाही हो, मोफतच असेल."

ठकूआत्या उठून उभीच राहिली. मथुराने तिला हाताने थांबवलं. तिच्या डोक्यात दुसरंच काही आलं होतं. "एक सांगा. एखादी वाट मोडली, चालणारं कुणी उरलं नाही, तर?"

"मग ती आपोआप जाते. गवताची मुळं, गांडुळं, पाऊस, सगळे मिळून माती पुन्हा भुसभुशीत करतात. दोनतीन पावसाळे लागतात. रडारला वेगळं काही दिसेनासं झालं आणि वर कुणाच्या पावलांची नोंद नसली की यंत्र रेघ पुसतं. त्यात कुणाचा हात नसतो."

"आणि माती आधीच कुणी मोकळी केली तर?"

दाराकडे एकदा बघून शर्वरीने आवाज खाली आणला. "एका पावसात जाईल," ती म्हणाली. "पण हे मी सांगितलेलं नाही."

वाडीतल्या बायका विहिरीवर जमल्या. मथुराने सांगितलं, कुदळी घेऊ आणि आपली वाट आपणच खणून काढू, विहिरीमागून थेट निजवणापर्यंत. तिला वाटलं होतं सगळ्या लगेच उठतील. कुणी उठलं नाही.

"डोकं फिरलंय का तुझं?" मथुराची जाऊ म्हणाली. "त्या वाटेनं मी माझ्या लेकराला नेलं. ती मोडू? चूक त्यांची आणि मोडायचं आपण?"

"बरोबर आहे तुझं. मोडायला त्यांनीच पाहिजे. पण ते मोडणार नाहीत. बोलून आले मी."

"पुढच्या सुनांना कसं सापडेल?" ठकूआत्याने विचारलं. "मी काय जन्माला पुरणार आहे? माझ्यामागं त्यांना कोण नेईल?"

तेवढ्यात हिरड्यांच्या झाडीतून दोन अनोळखी माणसं बाहेर आली. पाठीवर सॅक, हातात फोन. त्यांतल्या एकाने विहिरीवर बायका बघून हसून हात केला. "फार शांत जागा आहे हो तुमची ती," तो म्हणाला. "आम्हीपण एक रचून आलो."

ती माणसं गेली. ठकूआत्याने पदर कमरेला खोचला आणि कुदळ कुणाच्या घरात आहे, असं विचारलं.

ऐन उन्हाळा होता. पिढ्यांच्या पायांनी दाबलेली माती दगडासारखी झाली होती. कुदळ तिच्यावर आपटली की खणकन आवाज यायचा आणि हाताला झिणझिण्या यायच्या. बायका ओळीने खणत गेल्या. कुणी रडत खणत होती, कुणी कंपनीला शिव्या देत. मथुराच्या जावेच्या शिव्या ऐकून म्हाताऱ्यासुद्धा हसल्या. मोकळ्या मातीवर त्यांनी पालापाचोळा ओढला आणि कारवीचं बी टाकलं. निजवणातले मनोरे उतरवून दगड पुन्हा जमिनीवर मांडले, कुणाचा कुठे हे न ठरवता. भांडण एकाही दगडावरून झालं नाही. ज्या दगडापाशी जी बसली, तो तिने आपला म्हटला.

दुसऱ्या दिवशी एकनाथ कुदळ घेऊन विहिरीपाशी आला. "मी येतो," तो म्हणाला.

"पुरुषांनी विहिरीपाशी थांबायचं," ठकूआत्या म्हणाली.

"मग इथंच थांबतो." आणि तो थांबला. येणाऱ्या प्रत्येकाला तो माघारी धाडायचा. विनंती करून, मग हात जोडून, शेवटी कुदळ आडवी धरून. लोक त्याला फोन दाखवायचे, त्यावर त्याचंच नाव असायचं, 'खात्री : एकनाथ बांडे'. "तो मीच," तो म्हणायचा. "आणि मी सांगतो, परत फिरा." सह्यवाटवर कडेवाडीविषयी लोक लिहू लागले. गावकरी उर्मट आहेत. निसर्ग काय यांच्या बापाचा आहे का. एक सुंदर वाट यांनी मुद्दाम नासवली, यांना तिची किंमत नाही. बांड्यांच्या घरी पाहुणे येईनासे झाले. मथुराने ते सगळं वाचलं आणि एकालाही उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं म्हणजे तिथे काय आहे ते सांगायचं, आणि सांगायचं नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप.

पाऊस आला, आणि अकोल्याकडचा पाऊस आला की माणूस घराबाहेर पडत नाही. मोकळ्या मातीत पाणी मुरलं, गवत वर आलं, कारवी उगवली. भाताची कापणी चालू असताना नकाशावरची नारिंगी रेघ एके दिवशी तुटक झाली. थंडी पडली तशी ती दिसेनाशी झाली. त्या दिवसापासून नकाशावर लक्ष ठेवून असलेल्या शलाकाने नाशिकहून मथुराला निरोप पाठवला, "ताई, गेली!" मथुराने फोन बघितला. हिरव्या नकाशावर आता नुसतं हिरवं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. जिंकून मिळवलं काय, तर जे आधीपासून आपलंच होतं ते, आणि तेही मोडून.

थंडीतल्या एका सकाळी एकनाथ तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"मथुरे," तो म्हणाला, "मला तिच्यापाशी नेशील?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "रीत नाही."

"माहीत आहे. ठकूआत्याला विचारलं मी. ती म्हणाली, वाटच मोडली, आता रीत कुठं शोधू? तिच्या आईला विचार."

मथुराने डोक्यावर पदर घेतला आणि ती निघाली. विहीर मागे पडली. हिरड्यांखाली आल्यावर समोर रान होतं, नुसतं रान. कुठेच पायाची खूण नव्हती. ती कारवीत शिरली. एकनाथ सवयीने तिच्या मागोमाग, तिच्या पावलात पाऊल टाकत येऊ लागला. डोंगरातला माणूस जन्मभर तसाच चालतो.

मथुरा गर्रकन वळली. "मागं नका येऊ!"

तो दचकून थांबला.

"माझ्या पावलावर पाऊल पडलं की माती दबते. आज तुम्ही, उद्या माझी जाऊ, परवा आणखी कुणी. वरून ते यंत्र बघतंच आहे." तिने मागे उमटलेलं पाऊल पायानेच विस्कटलं. "आपल्या पोरीला भेटायला आपण आपल्याच रानातून चोरासारखं जायचं. दर खेपेला वेगळीकडून."

एकनाथने खाली पाहिलं. मग तो तिच्या मागून निघून दोन हात बाजूला, कारवीच्या दुसऱ्या ओळीत जाऊन उभा राहिला. "असं चाललं तर चालेल?"

तिने मान हलवली. मधल्या झुडपांवरून त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, आणि दोघं एकमेकांच्या शेजारून, आपापली जागा तुडवत, उतार चढू लागली.